निघण्याआधी परतीचं पाणी बघा

वाचकाचं पत्र: "त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मी, माझा नवरा आणि धाकटा दीर रेवदंड्याला गेलो होतो. दिराने हवा भरायच्या दोन कयाक घेतल्या आहेत आणि पवना धरणात आम्ही त्या पुष्कळदा चालवल्या आहेत. त्या दिवशी दुपारी 12.50 ला भरती, 4.3 मीटर, असं ॲपवर दिसत होतं. भरती धोक्याची म्हणून ती उलटून जाऊ दिली, जेवलो आणि पावणेतीनला साळावच्या पुलाच्या आतल्या बाजूने खाडीत उतरलो. कयाक इतक्या सहज पळत होत्या की बघता बघता कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आलो. परत वळलो आणि पुढे जाताच येईना. मागून लाटा उभ्या राहू लागल्या. दीर एकदा उलटला. शेवटी एका मच्छीमार बोटीने दोर टाकून आम्हाला ओढून आणलं. आता दीर म्हणतो, फायबरची चांगली कयाक घेऊ आणि पुन्हा जाऊ. सासूबाई म्हणतात, समुद्राचं नावही काढायचं नाही. कोणतं ॲप भरवशाचं? आम्ही पुन्हा जावं का?" — एक वाचक, चिंचवड

ताई,

तिघंही सुखरूप घरी आलात हे वाचून बरं वाटलं. झालेला प्रकार तुम्ही वेळेसकट लिहून पाठवलात याबद्दल आभार. या वेळा हाताशी आहेत म्हणून नुसता उपदेश न करता नेमकं काहीतरी सांगता येईल.

थोडक्यात उत्तर आधी देते. पुन्हा जा, पण आधी खाडीच्या आत, आणि मी खाली लिहिलेल्या वेळेलाच. ॲप कोणतंही चालेल, ते वाचता आलं पाहिजे. नवी कयाक आत्ता घेऊ नका, कारण त्या दिवशी फायबरची कयाक असती तरी तुम्ही तिथेच अडकला असता.

तुम्ही भरती टाळलीत. किनाऱ्यापासून दूर राहणारा जवळजवळ प्रत्येक जण हेच करतो, आणि त्यामागे कारण आहे. पावसाळ्यात मुंबईला साडेचार मीटरच्या पुढची भरती असली की बातम्यांत इशारे येतात. 26 जुलै 2005 ला प्रचंड पाऊस आणि मोठी भरती एकत्र आली, तेव्हापासून तर भरतीचा आकडा घराघरात पोचला. पण तो इशारा शहरासाठी असतो. समुद्र चढलेला असला की नाल्यांचं पाणी बाहेर पडत नाही आणि रस्ते तुंबतात. खाडीतल्या कयाकला त्या आकड्यातून वेगळाच अर्थ काढायचा असतो. भरतीचं पाणी तुम्हाला आत, जमिनीकडे ढकलतं. ओहोटीचं पाणी बाहेर, समुद्राकडे नेतं. नवख्या माणसाने भ्यायचं ते ओहोटीला, आणि तुम्ही धोका टळला असं समजून नेमके ओहोटीच्या भर जोरात उतरलात.

भर जोर म्हणजे काय, ते तुमच्याच आकड्यांवरून पाहू. भरती 4.3 मीटर. त्याच ॲपवर संध्याकाळी सातच्या सुमाराची ओहोटीही होती, तिकडे तुमचं लक्ष गेलं नसावं. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी रायगडच्या किनाऱ्यावर ती अर्ध्या मीटरच्या आसपास असते. म्हणजे सहा तासांत पाणी जवळजवळ चार मीटर उतरणार होतं. पण ते सारख्या गतीने उतरत नाही. झोपाळा जसा दोन्ही टोकांना मंद आणि मधे वेगात असतो, तसं भरती-ओहोटीचं पाणी असतं. खलाशी यासाठी बाराचा हिशेब वापरतात. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. तुमची भरती 12.50 ची. तिसरा तास 2.50 ला सुरू झाला आणि चौथा 4.50 ला संपला. या दोन तासांत सगळ्या उतारापैकी निम्मा, म्हणजे जवळजवळ दोन मीटर उतार व्हायचा होता. तुम्ही पावणेतीनला पाण्यात होतात.

आता हे पाणी कुठून येतं ते बघा. कुंडलिकेची खाडी रोह्याच्या दिशेने आत लांबवर शिरलेली आहे. दोन्ही बाजूंना खाजणं, तिवरांची रानं, त्यांच्यातून शिरणारे फाटे. भरतीच्या सहा तासांत या सगळ्या पसाऱ्यात भरलेलं पाणी पुढच्या सहा तासांत रेवदंडा आणि कोर्लई यांच्या मधल्या एकाच तोंडातून बाहेर पडतं. म्हणून तोंडाशी ओढा सगळ्यात जास्त असतो. तिथे दोन नॉटांचा ओढा धरला तरी तो ताशी 3.7 किलोमीटर होतो. फार सवय नसलेल्या माणसाला तासभर टिकवता येईल असा वल्हवण्याचा वेग ताशी चार किलोमीटरच्या आसपास, हवेच्या कयाकमध्ये त्याहून कमीच. जाताना हे दोन वेग एकत्र आले आणि तुम्हाला वाटलं आज हात छान चालतोय. येताना एकातून दुसरा वजा झाला आणि हातात काहीच उरलं नाही. तुमचे दीर व्यायाम करणारे, तरुण असतील. पण खाडीतल्या पाण्याला हरवण्याइतके दंड कुणाचेच नसतात.

लाटांचं कारणही त्यातच आहे. दुपारी समुद्राकडून खारा वारा सुटतो आणि तीन-चारच्या सुमारास तो जोरावर असतो. ओहोटीचं पाणी पश्चिमेला चाललेलं, वारा आणि लाटा पश्चिमेकडून येणाऱ्या. दोघं समोरासमोर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. त्यात खाडीच्या तोंडाशी वाळूचा उथळ पट्टा असला तर त्या तिथेच फुटायला लागतात. दोन-तीन तासांपूर्वी, भरतीच्या टोकाला, त्याच जागी पाणी जवळजवळ सपाट असतं. धरणात हे कधीच दिसणार नाही. म्हणूनच धरणातला सराव वल्हं मारण्याच्या कामाचा, समुद्र ओळखण्याच्या कामाचा नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मला तीच सगळ्यात गंभीर वाटते. त्या दिवशी पाणी उलटून पुन्हा आत येऊ लागायला संध्याकाळचे सात वाजले असते. बाहेरची ओहोटी संपली तरी खाडीतलं पाणी काही वेळ बाहेर वाहतच राहतं, म्हणजे प्रत्यक्षात सातच्याही पुढे. त्रिपुरी पौर्णिमेच्या दिवसांत सूर्य सहाला मावळतो. याचा अर्थ, पावणेतीनला निघालेल्या तुमच्यासाठी उजेड असेपर्यंत परतीचं पाणी नव्हतंच. ती बोट आली नसती तर वाट बघणं हाही उपाय उरला नव्हता. त्या बोटीवरच्या मंडळींना पुन्हा भेटायला जा. आभार मानाच, शिवाय त्यांच्याकडून खाडी समजून घ्या. उतरतं पाणी कोणत्या काठाने जास्त ओढतं, डोल कुठे लावलेली असतात, साळावकडे येणाऱ्या बार्जची वाट कोणती, हे कुठल्याही ॲपवर मिळत नाही.

डोलांचं मुद्दाम सांगते. ही जाळी वाहत्या पाण्याच्या तोंडावर खुंटांना किंवा नांगरांना बांधून ठेवतात, पाणीच मासळी आणून त्यांत भरतं. तुमची कयाकही पाणी तसंच तिकडे नेईल. खुंट, पुलाचा खांब, नांगरलेली होडी, ताणलेला दोर, यांपैकी कशावरही वाहत्या पाण्याने कयाक आडवी दाबली गेली तर ती उलटते आणि माणूस खाली अडकतो. अशा वस्तूंच्या वरच्या अंगाला, म्हणजे जिथून पाणी तिच्याकडे वाहतंय त्या बाजूला, जवळ जाऊच नका. आणि टाळता आलंच नाही, तर आदळताना शरीर त्या वस्तूकडे झुकवा. भीतीने आपण उलट्या बाजूला कलतो आणि तिथेच पाणी कयाकच्या कडेवर चढतं.

ॲपवर काय वाचायचं ते आता. भरतीची वेळ आणि उंची, ओहोटीची वेळ आणि उंची, चारही गोष्टी. उंचीची वजाबाकी करा. उत्तर मोठं असेल तर ओढा मोठा. दिवसात दोन भरत्या असतात, पण आपल्या किनाऱ्यावर त्या दोन्ही सारख्या उंचीच्या नसतात, तेव्हा तुमच्या वेळेची कोणती ते बघा. ॲप कोणत्या बंदराचे आकडे देतंय तेही तपासा. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी भरती-ओहोटीची कोष्टकं काढतो, त्यात मुंबईसाठी अपोलो बंदर हे मुख्य ठिकाण आहे आणि रेवदंड्याला त्यावरून चांगला अंदाज येतो. कोकणात दक्षिणेला जावं तशी भरती लवकर येते आणि उतारही कमी होतो. रायगडला उधाणात चार मीटरच्या घरात असलेला उतार गोव्यापर्यंत दोन मीटरच्या आसपास येतो. उलट वर खंबातच्या आखातात, भावनगरला, तो दहा मीटरपर्यंत जातो. एका गावचा अनुभव दुसऱ्या गावी जसाच्या तसा लावू नका. आणि हे सगळे आकडे चंद्रसूर्याचे आहेत. वारा, पाऊस, लांबून आलेली लाट त्यात नसते. लाटांसाठी हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचे इशारे आदल्या दिवशी आणि त्याच सकाळी बघा. हजारो किलोमीटर दूरच्या वादळाने उठलेली लाट आपल्याकडे वारा नसतानाही येते.

सासूबाईंना कदाचित एक जुना हिशेब ठाऊक असेल, त्यांना विचारा. तिथीची पाऊणपट केली की मुंबई-रायगडकडे भरतीच्या टोकाची साधारण वेळ निघते. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती. एकादशीला सव्वाआठ. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी आणि मध्यरात्री. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, त्यामुळे पाण्यात उतरण्याची वेळ यावरून ठरवू नका, ती कोष्टकावरूनच. पण दिवस निवडायला हा हिशेब फार उपयोगी आहे. पौर्णिमा आणि अमावास्येच्या आसपास, विशेषतः त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत, उधाण असतं. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे भरती कमी चढते, ओहोटी कमी उतरते आणि ओढा सौम्य असतो. आपण शहरातली माणसं रविवार धरतो आणि मग त्या रविवारी समुद्र काय करतोय ते बघतो. तुम्ही आधी तिथी बघा, आणि तिला जुळणारा रविवार महिन्यात एकच मिळाला तर तेवढाच घ्या.

मात्र भांग म्हणजे अभय नाही. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले 14 विद्यार्थी बुडाले. त्या दिवशी चंद्र अर्धा होता. पावसाळा नव्हता, उधाण नव्हतं. ती मुलं कयाकमध्ये नव्हती, तरी हे इथे लिहिते, कारण सौम्य दिवस निवडला की माणूस बाकीच्या गोष्टींत ढिला पडतो.

आता तुमच्यासाठी बेत. जानेवारी-फेब्रुवारीत एकादशी किंवा द्वादशीला येणारी सुट्टी शोधा. समजा द्वादशी आहे आणि कोष्टकात भरती नऊला आहे. साडेसातला, पुरता उजेड झाल्यावर, पुलाच्या आतल्या बाजूने उतरा आणि भरतीच्या पाण्याबरोबर वर, रोह्याच्या दिशेने जा. नऊच्या सुमाराला पाणी थबकेल. तिथे वळा. ओहोटीचा पहिला तास मवाळ असतो, त्याच्यावर परत या आणि दहाच्या आत कयाक बाहेर काढा. उतरण्याची जागा पुलापासून चांगली वर ठेवा, म्हणजे ती चुकली तरी पुढे आणखी एक जागा हाताशी राहील. सकाळी जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. तो जोराचा असेल तर त्या दिवशी किनाऱ्यावर न्याहारी करा आणि परत या, कारण हवेच्या कयाकला वारा पाण्याइतकाच पळवतो. ओहोटी पुरी झाल्यावर उतरायचं ठेवू नका. तेव्हा काठ दूर गेलेला असतो आणि मधे गुडघा-मांडीपर्यंतचा गाळ. किनारा समोर दिसत असून गाठता येत नाही.

असं बऱ्याचदा झालं, तिघांचा हात बसला, की मग तोंडापर्यंत जाण्याचा विचार. तेही अष्टमीच्या आसपास, जेव्हा ओहोटीचं टोक दुपारी बाराच्या सुमाराला असतं. ओहोटीच्या शेवटच्या तासात बाहेर, पाणी थबकलं की वळायचं, भरतीच्या पहिल्या तासात आत. निघण्याआधी अर्धा तास किनाऱ्यावर उभं राहून वाळूच्या पट्ट्यावर लाटा फुटतायत का ते बघायचं. आणि सोबत खाडीचा जाणता माणूस किंवा समुद्रावर कयाक चालवणारा प्रशिक्षित माणूस हवाच. कोर्लईच्या टोकाला वळसा घालून पलीकडच्या पुळणीवर जाण्याचा बेत या वर्षी नको. जून-जुलै तर अजिबात नको. तेव्हा मासेमारी बंद असते आणि तुम्हाला ओढून आणायला बोटही नसते.

दीर उलटल्यावर पुन्हा कयाकवर कसे चढले, ते तुमच्या पत्रात नाही. मला ते महत्त्वाचं वाटतं. कुणी धरून चढवलं असेल तर हा धडा आधी गिरवा, आणि त्याला पवना धरण उत्तम आहे. लाइफ जॅकेट अंगावर, पट्टे आवळलेले, काठाजवळ मुद्दाम उलटायचं आणि एकट्याने वर चढायचं. मग दुसऱ्याला चढवायचं. हे तिघांनाही दमलेल्या अवस्थेत जमेपर्यंत खाऱ्या पाण्यात जाऊ नका. लाइफ जॅकेट कयाकला बांधून ठेवलेलं असेल तर त्याचा उपयोग नाही. पाण्यात पडल्यावर ते घालता येत नाही.

पुन्हा कधी ओढ्यात सापडलात तर सरळ त्याच्या विरुद्ध वल्हवू नका. तुमची सगळी ताकद तिथेच गेली. नाक थोडं ओढ्याकडे ठेवून तिरके काठाकडे सरका. काठालगत, उथळात, ओढा कमी असतो, कधी कधी उलटाही फिरतो. काठ लाभेल तिथे उतरा, गाडी कुठे ठेवली आहे याचा विचार नंतर. काठही गाठता आला नाही तर दोन्ही कयाक एकमेकींना धरून ठेवा, कयाक सोडून पोहू नका, शिटी वाजवा, वल्हं उभं धरून हलवा. आणि फोन लवकर करा. भारतीय तटरक्षक दलाचा क्रमांक 1554, सागरी पोलिसांचा 1093. आणखी दहा मिनिटं प्रयत्न करून बघू, असं म्हणण्यात उजेड जातो. फोन पाण्यापासून वाचणाऱ्या पिशवीत, आणि पिशवी जॅकेटला बांधलेली.

आता सासूबाई. त्यांची भीती खोटी नाही आणि तिला गप्प बसवायलाही जाऊ नका. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, लाइम रेजिसहून चारमथकडे, 22 मार्च 1993 ला प्लिमथच्या एका शाळेची मुलं कयाकने निघाली. जेमतेम दोन मैलांचा प्रवास, सोबत शिक्षक आणि केंद्राचे प्रशिक्षक. जमिनीकडून वाहणाऱ्या वाऱ्याने त्यांना समुद्रात लोटलं, कयाक बुडाल्या आणि चार मुलं गेली. ती वेळेवर पोचली नाहीत तरी मदतीला हाक जायला दुपार उलटली. त्या घटनेनंतर तिथे 1995 मध्ये मुलांच्या साहस-केंद्रांसाठी परवान्याचा कायदा आला. त्या दिवशी किनाऱ्यावर असा कुणीतरी हवा होता, ज्याला परतीची नेमकी वेळ ठाऊक आहे आणि ती टळताच जो फोन उचलेल.

ते काम सासूबाईंना द्या. एका कागदावर लिहा: कुठून उतरणार, कुठपर्यंत जाणार, किती जण, कयाकचा रंग, भरतीची वेळ, पाण्याबाहेर येण्याची वेळ. तुम्ही म्हणाल दहा, तर खाली लिहा, "साडेदहापर्यंत आमचा फोन आला नाही तर 1554." कागद त्यांच्या हातात द्या, एकदा मोठ्याने वाचून घ्या, आणि बाहेर आल्यावर कपडे बदलायच्या आधी त्यांना फोन करा. दिरांनाही हा कागद स्वतःच्या हाताने लिहायला लावा. वेळा लिहिताना ओहोटीचा रकाना त्यांना भरावाच लागेल.